कोरड्या जमिनीवरचे यंत्र

होडीच्या मागच्या फळीला अडकवायचे जे मोटारयंत्र असते, ज्याला मिस्त्र्यांपासून मच्छीमारांपर्यंत सगळेच ‘आउटबोर्ड’ म्हणतात, त्याविषयी मराठीत एखादा निबंध वाचल्याचे मला स्मरत नाही. आपल्या वाङ्मयात नावा पुष्कळ आहेत. संतकाव्यात तर नाव, तारू, पैलतीर, भवसागर या शब्दांवाचून पान हलत नाही. पण या नावांना वल्हे असते, शीड असते, फार तर नावाडी असतो, यंत्र नसते. त्यामुळे यंत्र बिघडले तर काय, ते तापले तर काय, हे प्रश्न आपल्या रूपकांना कधी पडले नाहीत. मी गेली सतरा-अठरा वर्षे मराठी साहित्य शिकवते आणि निगडीच्या प्राधिकरणात राहते. या दोन्ही गोष्टींचा आउटबोर्ड मोटारीशी काही संबंध असेल असे मला स्वतःलाही वाटले नव्हते.

संबंध आला तो आमच्याच सोसायटीतल्या एका गृहस्थांमुळे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. मूळचे हर्णैचे, उभी हयात भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये गेली. निवृत्तीनंतर त्यांनी हा उद्योग मागे लावून घेतला. पवना जलाशयावरच्या ओळखीच्या होडीवाल्यांची यंत्रे आणि पूर आला की मदतीला जाणाऱ्या तरुणांच्या एका गटाचे यंत्र, अशी दोन-तीन यंत्रे त्यांच्याकडे देखभालीला असतात. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत लाकडी घोड्यावर ती उभी केलेली असतात. पाण्याचा थेंब नसलेल्या जागी पंख्यासह उभे असलेले ते यंत्र प्रथम पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटते. ‘निगडीत समुद्र कुठला?’ हा प्रश्न काकांना इतक्या वेळा विचारला गेला आहे की आता ते उत्तरही देत नाहीत.

या यंत्राची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत मिलवॉकीला स्थायिक झालेल्या कारागिराने १९०९ मध्ये आपले आउटबोर्ड यंत्र विक्रीला आणले. त्याआधीही असे प्रयत्न झाले होते, पण लोकांच्या हाती गेले ते मुख्यतः त्याचे. उन्हाळ्यातल्या एका दिवशी वाग्दत्त वधूसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्ही मारता मारता ते वितळून गेले आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिकेचे खरेखोटे बाजूला ठेवू. मला त्यातली एक गोष्ट लक्षणीय वाटते, ती ही की या यंत्राच्या जन्मकथेतच उष्णतेने काहीतरी वाया गेलेले आहे. एव्हिनरूड नावाच्या यंत्रांचे उत्पादन २०२० मध्ये थांबले. मात्र तत्त्व तेच राहिले आणि आज इतर कंपन्यांची यंत्रे त्याच तत्त्वावर चालतात.

ते तत्त्व असे. इंजिनात पेट्रोल जळते, त्यातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा पंखा फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली सगळी उष्णता कुठेतरी जायला हवी. आपल्याकडच्या स्कूटरला ही अडचण नव्हती. आमच्या शेजारच्या आकुर्डीत १९७२ पासून जी चेतक तयार होत होती, तिचे इंजिन हवेने थंड व्हायचे. चक्राला लावलेला पंखा हवा ओढून सिलिंडरवर फेकायचा. हवा काय, निगडीतही आहे आणि नागपुरातही. मोटारगाडीचे इंजिन आपले पाणी रेडिएटरमध्ये भरून बरोबर नेते. बहुतेक आउटबोर्ड यंत्रे मात्र बरोबर काहीच नेत नाहीत. ज्या पाण्यात ती चालतात तेच पाणी ती पितात. खालच्या भागात, पंख्याच्या थोडे वर, दोन्ही बाजूंना जाळ्या असतात. तिथून पाणी आत येते. वर एका डबीत रबराच्या पाकळ्यांचे छोटे चक्र असते, त्याला इम्पेलर म्हणतात. ते डबीच्या मध्यावर नसून एका बाजूला सरकवून बसवलेले असते. त्यामुळे फिरताना पाकळ्या एकीकडे दुमडतात आणि दुसरीकडे उघडतात; या उघडमिटीने पाणी ओढले जाऊन नळीवाटे वर इंजिनाच्या पोटात जाते. सिलिंडरभोवती फिरून, धग घेऊन ते खाली उतरते आणि धुराबरोबर पुन्हा नदीत किंवा समुद्रात मिसळते. त्यातली थोडीशी धार एका बारीक छिद्रातून बाजूला बाहेर पडते. ती केवळ दिसावी यासाठी असते. धार आहे म्हणजे पाणी वर पोचते आहे. धार नाही म्हणजे यंत्र ताबडतोब बंद करा.

यातली मेख अशी की, त्या रबरी पाकळ्यांना वंगण म्हणून दुसरे काही नसते; पाणी हेच त्यांचे वंगण. कोरड्यात यंत्र चालू केले तर पाकळ्या डबीच्या भिंतीवर घासून काही क्षणांत तापू लागतात, कडा झिजतात, मग तुकडे पडतात. ते तुकडे पुढे पाण्याच्या वाटेत जाऊन अडकतात. म्हणजे कोरड्याने झालेली जखम पाण्यात गेल्यावर उमगते. हौशी माणसे ‘चालू होते का बघू’ म्हणून जमिनीवर दोरी ओढतात, यंत्र छान आवाज करते, सगळे खूश होतात. आणि आठवड्याने भर पाण्यात ते तापून बंद पडते. काका म्हणतात, ‘ह्याचा आवाज ऐकून भुलू नये. धार बघावी.’

पण जमिनीवर चालवणे टाळताही येत नाही, आणि आमच्या सोसायटीतला सगळा वाद तिथूनच सुरू झाला. समुद्रात चाललेल्या यंत्राच्या आतल्या वाटांत मीठ राहते. पाणी सुकले की त्याचे खडे होतात, वाटा अरुंद होतात, धातू खातो. नदीत चाललेल्यात गाळ आणि वाळू राहते. पुराच्या पाण्यात चाललेल्यात काय राहते हे विचारू नये. म्हणून प्रत्येक वापरानंतर गोड्या, स्वच्छ पाण्याने त्याचे पोट धुवावे लागते. त्याच्या दोन रीती आहेत. पहिली पिंपाची. यंत्र पिंपात असे उभे करायचे की पाणी जाळ्यांच्या चांगले वर राहील, आणि मग ते मंद गतीने चालवायचे. दुसरी रीत रबरी वाट्यांची. कानावर बसवायच्या आच्छादनासारख्या दिसणाऱ्या दोन वाट्या पट्टीने जोडलेल्या असतात. त्या दोन्ही जाळ्यांवर घट्ट बसवायच्या आणि त्यांना नळाचा पाइप जोडायचा.

या दुसऱ्या रीतीत क्रमाला फार महत्त्व आहे. आधी पाणी सोडायचे. वाट्यांच्या कडांतून ते बाहेर पडू लागले की मगच यंत्र चालू करायचे. गिअर टाकायचा नाही, पंख्याजवळ कोणाला उभे राहू द्यायचे नाही. वेग वाढवायचा नाही, कारण पाण्याचा विरोध नसल्याने इंजिन नको तितके सुसाट फिरते आणि नळाचे पाणी त्याला पुरत नाही. धार आली की तिला हात लावून बघायचा. दहाएक मिनिटे चालवायचे, म्हणजे इंजिन गरम होऊन आतली थर्मोस्टॅटची झडप उघडते आणि सगळ्या वाटा धुतल्या जातात. शेवटी आधी यंत्र बंद, मग पाणी बंद. हा क्रम उलटला तर शेवटचे काही क्षण ते कोरडे चालते. नंतर ते तिरके न ठेवता सरळ उभे ठेवायचे, म्हणजे आतले पाणी निथळून जाते. आणि हे सगळे उघड्यावर करायचे. बंद पार्किंगमध्ये धूर कोंडला तर जिवावर बेतेल. अलीकडच्या काही यंत्रांना यंत्र बंद ठेवूनच धुण्यासाठी वेगळे तोंड दिलेले असते. तिथे पाइप जोडला असताना इंजिन चालू करायचे नसते, कारण ते पाणी इम्पेलरपर्यंत पुरेसे पोचेलच असे नाही.

आता वाद. साधा पाइप मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी सहज सोडतो. दहा मिनिटांचे शंभर-सव्वाशे लिटर झाले. यंत्रे तीन असली तर हिशेब आपण करू शकता. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला आणि पुढे वर्षानुवर्षे तसाच राहिला. पाणी न येण्याच्या दिवशी ज्या घरात कपड्यांचे पाणी फरशीला वापरतात, त्या घराच्या खिडकीतून खाली एक यंत्र भसाभस पाणी पिताना दिसत असेल, तर राग येणारच. सोसायटीच्या सभेत विषय निघाला. एका बाईंनी सरळ विचारले, ‘काका, आम्ही बादल्या मोजतो आणि तुम्ही इंजिन धुता?’ प्रश्न अन्यायाचा नव्हता.

मला त्या सभेत जे सुचले नाही पण नंतर सुचत राहिले ते वेगळे होते. हे पाणी कुणाचे? पवना धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलले जाते, निगडीच्या सेक्टर २३ मधल्या जलशुद्धीकरण केंद्रात येते आणि तिथून आपल्या नळांत. धरणातून थेट बंद नळाने पाणी आणण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात तीन जणांचा जीव गेला. आम्ही जे पाणी ‘आमचे’ म्हणून काकांशी भांडत होतो त्यावर आधीच इतकी नावे लिहिलेली आहेत. धरणात ज्यांची शेते गेली त्यांची वेगळीच. हे म्हटल्याने काकांचा वापर योग्य ठरतो असे नाही. उलट त्याला अधिक सबळ कारण द्यावे लागते.

काकांनी कारण दिले ते भाषणाने नव्हे. ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या तरुणांबरोबर सांगलीला गेले होते. त्या वेळी सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांपर्यंत गेली होती, हे आपल्याला आठवत असेल. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे माणसांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि कित्येक जण बुडाले. ती बातमी सगळ्यांच्या डोक्यात घर करून बसलेली असताना काकांची होडी एका गल्लीतून आठ माणसे घेऊन निघाली होती. मध्येच धार बंद झाली. काकांनी तत्क्षणी यंत्र बंद केले. होडीतल्या माणसांना वाटले, आता संपलेच. यंत्र तर चांगले चालले होते, बंद का केले? मुलांनी एका गॅलरीच्या कठड्याला दोर अडकवून होडी धरून ठेवली, काकांनी यंत्र वर उचलले, जाळीवर चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी ओढून काढली, छिद्रात तार घातली, यंत्र पुन्हा चालू केले. धार आली. सगळे मिळून चार-पाच मिनिटांचे काम. सभेत हे सांगून ते एवढेच म्हणाले, ‘इम्पेलर आधीच झिजलेला असता, तर पिशवी काढूनही धार आली नसती.’ आणि खाली बसले.

सभेने मग तोड काढली. नुसते चालवून बघायचे असेल तेव्हा दोनशे लिटरचे एकच पिंप, तेच पाणी पुन्हा पुन्हा. वर तरंगणारे तेल चिंध्यांनी टिपून घ्यायचे, ते पाणी झाडांना घालायचे नाही. गाळातून आलेल्या यंत्राची शेवटची धुणी मात्र स्वच्छ पाण्याने, ती बोअरच्या नळावर. ज्या बाईंनी प्रश्न विचारला होता त्यांनीच हे सुचवले. काकांनी मान्य केले. वादाचा असा शेवट हल्ली क्वचितच होतो म्हणून नोंदवते.

इथपर्यंत वाचून साहित्याचा विद्यार्थी मनात म्हणेल, बाईंनी आता रूपक काढायचे बाकी आहे. ते खरे आहे, आणि रूपक समोर असताना ते दिसले नाही असे भासवणे मला जमणार नाही. आपण वर्गात जे करतो ते याहून फारसे वेगळे नाही. अभंगाचे पाणी म्हणजे कीर्तन, टाळ, चालणारी माणसे, तोंडपाठ असणे. दरवर्षी तुकोबांची पालखी देहूहून निघते ती निगडीपाशीच शहरात शिरते आणि आकुर्डीला मुक्काम करते. तेव्हा भक्ती-शक्ती चौकात तो अभंग आपल्या पाण्यात असतो. माझ्या वर्गात तो फळ्यावर असतो, आणि समोर असतात ती चाकणला दुसऱ्या पाळीत कामाला जाणारी, डोळ्यांत झोप असलेली मुले. यंत्र घोड्यावर उभे आहे. शिक्षकाने करायचे काय, तर दोन वाट्या लावून पाइप जोडायचा. आधी पाणी सोडायचे, म्हणजे कोण, कुठे, कशासाठी, कोणत्या शब्दाचा तेव्हा काय अर्थ, हे सांगायचे. मग कविता चालू करायची. सिद्धान्ताचा वेग वाढवायचा नाही, कारण समोर भार नसला की तो नुसताच घोंघावतो. आवाजावर भुलायचे नाही. एखादा मुलगा मागच्या बाकावरून ‘मॅडम, पण तो असं का म्हणतो?’ असे विचारतो ती धार. ती आली तरच आत काही पोचते आहे.

मात्र रूपकाला त्याची मर्यादा दाखवणेही आपलेच काम. वर्गात कविता कोरडी चालली तर कोणी बुडत नाही. काकांचे यंत्र कोरडे चालले तर बुडू शकते. सोसायटीतले पाणी हे खरे पाणी होते, त्याची किंमत मावळात मोजली गेली होती. ‘जमिनीवर ठेवलेले यंत्र’ ही कल्पना आपल्याला जितकी आवडते तितकी ती आपल्या मालकीची नाही.

तरीही एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही आणि ती रूपकापेक्षा भूगोलाची आहे. निगडीपासून फार लांब नसलेले, देहूच्या पलीकडचे सुदुंबरे हे गाव आपण साहित्यवाले ओळखतो ते संताजी जगनाडे यांच्यामुळे. चाकणचे हे तेली, तुकोबांचे टाळकरी. त्यांची समाधी तिथे आहे. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले असे परंपरा मानते, आणि त्यांच्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गाथेची एक प्रत छापली. आज त्याच सुदुंबऱ्यात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचा तळ आहे. २०१४ मध्ये माळीणच्या दरडीखाली, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या पुरात, २०२१ मध्ये चिपळूणला ज्या तुकड्या धावल्या त्यांत याच बटालियनचे जवान होते. हवेने फुगवायच्या होड्या आणि त्यांची यंत्रे हे त्यांचे नेहमीचे साधन. सुदुंबऱ्यालाही समुद्र नाही.

गाथा इंद्रायणीत बुडवली गेली आणि तेरा दिवसांनी कोरडी वर आली, ही कथा आपण श्रद्धेने सांगतो किंवा श्रद्धेवाचून तिचा अर्थ लावतो. अर्थ लावणारे म्हणतात की वह्या बुडाल्या असतील, पण अभंग लोकांच्या तोंडी होते म्हणून तरले. हे मला पटते. पण ‘लोकांच्या तोंडी होते’ हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो. तोंडी असणे हा आपोआप घडणारा प्रकार नव्हे. त्यासाठी पूर नसलेल्या दिवसांत, कोणी ऐकत नसताना, घाण्याच्या कामातून वेळ काढून कोणीतरी ते पुन्हा पुन्हा म्हटलेले असते, लिहून ठेवलेले असते. वह्या पाण्यात पडल्या त्या दिवशी पाठांतर सुरू करून काही उपयोग झाला नसता.

वाङ्मयाच्या इतिहासात आपण हे काम मोजत नाही. आपण काव्य मोजतो, संप्रदाय मोजतो, प्रती आणि पाठभेद मोजतो; नुसते म्हणत राहणारे, नुसती नक्कल करून ठेवणारे तळटीपेत जातात. होड्यांच्या इतिहासातही पूर लक्षात राहतो, सुटका लक्षात राहते. मार्चमधल्या एका सामान्य दुपारी, ऊन असताना, कोणीतरी धारेला हात लावून ‘कोमट आहे, ठीक आहे’ असे म्हटल्याची नोंद कुठेही होत नाही. पुराच्या दिवशी त्या धारेवर आठ माणसे अवलंबून असतात. निदान आपल्या विषयापुरती तरी ही नोंद ठेवायला शिकावे, आणि विद्यार्थ्यांना एखादी कविता पाठ करायला सांगताना परीक्षेत येणार की नाही याचा विचार थोडा बाजूला ठेवावा, असे मला वाटते.